जर्मनचा टप आणि न चिकटणारं चुंबक

प्रश्न : काका, मी पश्चिम टेक्ससमध्ये मिडलंडला असतो. तेलविहिरींवरच्या पंपांच्या देखभालीचं काम आहे. दिवसाला दीड-दोनशे मैल होतात, त्यातले निम्मे पेकॉसच्या पलीकडे. तिथे फोनला रेंज नसते आणि एफएमवर नुसती खरखर. गेल्या महिन्यात २०१६ ची फोर्ड एफ-१५० घेतली, सेकंडहँड, एक्सएल मॉडेल, म्हणजे सगळ्यात साधं. तिच्यात सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे उपग्रहावरून थेट ऐकायचा वर्गणीचा रेडिओ, नाही. एका सहकाऱ्याने त्याच्याकडची चुंबकाची अँटेना दिली. टपावर ठेवली, तर चिकटेचना, सरळ घसरून काचेवर आली. चुंबक मेलंय, की गाडी ठोकलेली असून वर पुट्टी भरून रंगवलीय? मला तर रात्रभर झोप नाही. दुसरं, डॅशमधला रेडिओच बदलू की वेगळा संच लावू? घरी जमेल का? मल्टीमीटर आहे, हात चालतो. केबिनच्या मागे लोखंडी जाळी आहे, इथे तिला हेडेक रॅक म्हणतात, तीही सांगून ठेवतो. आणि शेवटचं, त्यावर मराठी लागतं का?
— एक वाचक, मिडलंड, टेक्सस

उत्तर : आधी झोपा. गाडी ठोकलेली नाही आणि चुंबकही जिवंत आहे. तुमचा ट्रक जर्मनचा आहे.

जर्मन म्हणजे देश नव्हे हो. आपल्या आज्या ज्याला ‘जर्मनचं पातेलं’ म्हणायच्या, ते. २०१५ च्या मॉडेलपासून फोर्डने एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. खालची चौकट, म्हणजे चॅसीची फ्रेम, पोलादाचीच राहिली, पण टप, दारं, बॉनेट, मागचा हौदा, सगळं ॲल्युमिनियम. वजन शेकडो पौंडांनी उतरलं आणि देशभरातली चुंबकाची दिवे-अँटेना-फलक मंडळी एका दिवसात बेकार झाली. खात्री करायची तर फ्रिजवरचा गणपती काढा आणि आधी टपावर, मग खाली फ्रेमवर लावून बघा. फ्रेमवर बसेल, टपावर बसणार नाही.

आता यातली गंमत. चुंबकाला लोखंड लागतं, रेडिओलहरींना नुसता धातू पुरतो. ही काडेपेटीएवढी अँटेना एकटी काम करत नाही. तिच्या खाली चारी बाजूंनी काही इंच सपाट धातू असावा लागतो. तो धातू आरशासारखा वागतो आणि वरून आलेली लहर अँटेनाकडे परतवतो. त्या कामाला जर्मन उत्तम. म्हणजे तुमच्या टपात काहीच उणं नाही, फक्त अँटेना धरून ठेवणारं काहीतरी हवं. बाजारात पाठीमागे चिकटपट्टी असलेल्या पातळ पोलादी चकत्या मिळतात, अँटेनाच्या बुडापेक्षा जराशी मोठी घ्या. टप साबणाने धुवा, कोरडा करा, मग रबिंग अल्कोहोलने पुसा, चकती दाबून बसवा आणि एक दिवस तिला हात लावू नका. तुमच्याकडे धूळ एवढी की पुसल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा थर बसतो, म्हणून हे काम गॅरेजचं दार लावून करा. मग त्या चकतीवर चुंबक ठेवा. चकती हवी, थेट अँटेनाला गोंद नको. उद्या अँटेना बिघडली तर उचलून दुसरी ठेवता येते.

आमच्या वडिलांचं मिरजेला रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नवा मर्फी किंवा फिलिप्स घेऊन यायचं आणि सिलोन लागत नाही म्हणून तक्रार करायचं. वडील रेडिओला हात न लावता विचारायचे, “एरियल कुठं लावलीय?” मग त्याच्या घरी जाऊन तांब्याच्या जाळीची ती पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून द्यायचे आणि चार आणे घ्यायचे. मी पुढे मिशिगनला येऊन मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये उभी नोकरी केली, पण माझंही पहिलं वाक्य तेच आहे. संच कोणता, हे नंतर. अँटेना कुठे, ते आधी.

तर कुठे? उपग्रह कुठे आहेत ते बघितलं की उत्तर आपोआप मिळतं. एक्सएम या सॅटेलाइट रेडिओच्या सेवेचे उपग्रह विषुववृत्तावर, पश्चिम रेखांश ८५ आणि ११५ च्या आसपास उभे आहेत. मिडलंड १०२ वर. म्हणजे तुमच्या दृष्टीने एक दक्षिणेला जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे, आणि दोन्ही क्षितिजापासून निम्म्याहून थोडे वर. दोन्हींवरून तोच कार्यक्रम येतो, पण एकावरून चारेक सेकंद उशिरा. संच दोन्ही धारा जुळवून घेतो, त्यामुळे पुलाखालून जाताना गाणं तुटत नाही. उंच इमारतींच्या शहरांत जमिनीवरचे मदतनीस मनोरे आहेत. तुमच्या माळावर ते नसतील असंच धरून चाला. तुम्हाला आकाशच आधार.

काही जण अँटेना डॅशवर, काचेच्या आत ठेवा म्हणून सांगतील. काचेतून लहर येते, खोटं नाही. पण तुम्ही उत्तरेकडे निघालात की दक्षिणेचं आकाश पाठीमागे जातं आणि मध्ये तुमचाच टप आडवा येतो. जाताना बंद, येताना चालू, असा तो रेडिओ वागेल आणि तुम्ही संच बदलत बसाल. हेच तुमच्या जाळीचं. अँटेना टपाच्या मागच्या कडेला, जाळीच्या पायाशी ठेवलीत तर उत्तरेला जाताना जाळीचे गज मध्ये येतील. म्हणून तुमच्यासाठी जागा एकच : टपाच्या पुढच्या भागात, बरोबर मध्यावर, काचेच्या कडेपासून चारेक इंच मागे. कडेला अगदी चिकटून नको, खालचा आरसा अर्धा कापला जातो.

तार आत कशी आणायची, यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. मीही चुकलोय. २००३ साली मी डेल्फीचा स्कायफाय हा एक्सएमचा संच घेतला. एक्सएम २००१ च्या सप्टेंबरात सुरू झालं होतं, सिरियस २००२ मध्ये आलं, दोघांची तेव्हा जोरदार चुरस होती, २००८ मध्ये एक झाले. माझ्याकडे जुना डॉज रॅम होता. पिकअपवाल्यांचा लाडका रस्ता म्हणजे मागच्या काचेवरचा तिसरा ब्रेकलाइट : स्क्रू काढायचे, दिवा बाहेर घ्यायचा, त्याच्या रबराखालून तार आत सोडायची. मी तशी सोडली, स्क्रू आवळले, आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारली. रबराखाली तारेच्या जाडीएवढी फट राहिली होती. दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला आणि सीटमागे ठेवलेली सोना मसुरीची २० पौंडांची पिशवी भिजून फुगली. बायकोने काहीच म्हटलं नाही. नुसती पिशवी माझ्या वर्कबेंचवर आणून ठेवली.

तेव्हा त्या रस्त्याने जायचंच झालं तर आत शिरण्याआधी तारेला खाली एक झोका द्यावा. आपल्याकडे वायरमन घरात मेनलाइन घेताना देतो ना, तसा. पाणी झोक्याच्या बुडाशी येऊन गळतं, वर चढत नाही. तुम्हाला पुढून यायचंय. अँटेनाची तार काचेच्या वरच्या कडेच्या रबरात दडपत उजव्या कोपऱ्यापर्यंत न्या, तिथून शेजारच्या सीटच्या दाराच्या रबरात, बिजागरीच्या बाजूने खाली उतरवा, आणि दाराच्या तळापासून डॅशखाली घ्या. तिथे आत शिरण्याआधी झोका. बोटाने जमत नसेल तर प्लॅस्टिकची बोथट पट्टी घ्या, स्क्रूड्रायव्हर नको. दार लावताना तार चेमटत नाही ना, ते कागद ठेवून बघा : कागद घट्ट धरला जातोय आणि तारही हलतेय, म्हणजे ठीक.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. काचेशेजारच्या खांबाचं प्लॅस्टिकचं आवरण उघडून त्याच्या आतून तार नेऊ नका. अपघातात डोक्याशी उघडणारी पडदा-एअरबॅग त्याच भागातून बाहेर येते. तिच्या वाटेवर तार असली तर ती वाट अडवते किंवा तार चाबकासारखी उडते. बाहेरच्या रबरातून गेलेली तार दिसायला थोडी कुरूप दिसेल. दिसू दे.

तार वीसेक फूट असते, तुम्हाला निम्मीही लागणार नाही. उरलेली कापू नका. आत मधली एक तार, भोवती जाळी, अशी ती को-ॲक्स आहे. कापून पीळ मारून टेप गुंडाळली की एवढ्या वरच्या कंप्रतेचा संदेश तिथेच मरतो. ही सेवा २.३ गिगाहर्ट्झवर चालते, घरातल्या वायफायच्या शेजारघरी. सैल वेटोळं करून ग्लव्ह बॉक्सच्या मागे बांधून ठेवा. करकचून घडी घालणंही वाईटच.

आता संच. मार्ग दोन, आणि तिसरा तुमच्या उपयोगाचा नाही. डॅशमधला रेडिओ काढून ‘सॅटेलाइट-रेडी’ लिहिलेला नवा घ्यायचा आणि त्याला एसएक्सव्ही-३०० ही ट्यूनरची डबी मागून जोडायची, हा पहिला. पडदा मोठा, बटणं हाताशी, दिसतं छान. पण नवा रेडिओ, डॅशची वेगळी चौकट, वायरिंगचा हार्नेस, स्टिअरिंगवरची बटणं चालवणारी आणखी एक डबी, अशी यादी वाढत जाते आणि खर्च कित्येक शेकड्यांत जातो. दहा वर्षांच्या कामाच्या गाडीवर मी तो करणार नाही. माझ्या मते तुम्ही दुसरा मार्ग घ्या : डॉकवर, म्हणजे डॅशला लावलेल्या बैठकीवर, बसणारा संच, ओनिक्स या नावाने मिळतात तसला. रेडिओ डॉकमधून उपसून खिशात घालता येतो. उद्या दुसऱ्या गाडीसाठी किंवा घरासाठी नुसतं डॉक-अँटेनाचं किट आणलं की तोच रेडिओ, तीच वर्गणी. ट्रकमध्ये रात्री काही दिसायला नको, हाही फायदा. तिसरा म्हणजे फोनवरचं ॲप. त्याला इंटरनेट लागतं, आणि ते नाही म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत.

सहकाऱ्याने अँटेना दिली, आता तो जुना संचही देईल. घ्या, पण पैसे देण्याआधी त्याचा आयडी मागा आणि कंपनीला फोन करून विचारा की हा अजून चालू करून मिळेल का. आयडी शून्य क्रमांकाच्या वाहिनीवर दिसतो. त्यात इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा दिसतंय ते शून्य आणि एकच. फोनवर अर्धा तास हुज्जत घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आवाज गाडीच्या स्पीकरमध्ये आणायला हे संच एक छोटं एफएम प्रक्षेपण करतात : रेडिओ ८८.१ वर लावा, संचालाही तेच सांगा, झालं. कायद्याने त्याची ताकद अगदी क्षीण ठेवलेली असते. पेकॉसच्या माळावर चालेल, कारण तिथे दुसरं कोणी बोलतच नाही. डॅलसला गेलात की त्या जागेवर एखादं दुसरं स्टेशन उगवेल. म्हणून गाडीत ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज तारेने रेडिओत घ्यायचं, भोक शोधा. सापडलं तर साधी दोन्ही टोकांना पिन असलेली तार घाला आणि एफएमचा नाद सोडा. नाहीच सापडलं तर गाडीची एफएम अँटेना रेडिओच्या मागे जिथे घुसते, तिथे मध्ये बसणारा एक अडॅप्टर मिळतो. तो संचाचा आवाज थेट तारेतून देतो, हवेतून नाही.

ऑक्स लावल्यावर कदाचित एक शिट्टी ऐकू येईल, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी, सोडला की उतरणारी. घाबरू नका, तो अल्टरनेटर आहे. संचाला वीज लायटरच्या सॉकेटमधून आणि आवाज ऑक्समधून, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा झाल्या आणि त्या वर्तुळात शिट्टी शिरली. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची अंगठ्याएवढी डबी ऑक्सच्या तारेत मध्ये घाला. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, शिट्टी अलीकडे राहते. दहा-पंधरा डॉलर.

विजेबद्दल एवढंच. लायटरच्या सॉकेटवर भागत असेल तर भागवा, पण आधी किल्ली काढून, दार उघडून-लावून, थोड्या वेळाने मल्टीमीटरने बघा की तिथे बारा व्होल्ट उरलेत का. उरत असतील तर दिवाळीला तीन आठवडे गावी जाताना संच उपसून ठेवा, नाहीतर परत आल्यावर बॅटरी आडवी झालेली असेल. कायमचं करायचं तर फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून त्याच सर्किटवरून आणखी एक तार देणारा जोड. जुना फ्यूज काढून दुकानात दाखवा आणि त्याच मापाचा टॅप घ्या, फ्यूज चार-पाच आकारांचे येतात आणि डोळ्याला सारखेच वाटतात. किल्लीबरोबर मरणारं सर्किट शोधा. एअरबॅग, ब्रेक, इंजिन असलं काही ज्यावर लिहिलंय त्याच्या वाटेला जाऊ नका.

सगळं जोडून झालं की गाडी गॅरेजबाहेर काढा. हे सांगावं लागतं, कारण दरवर्षी एक तरी पत्र असं येतं की ‘सगळं बरोबर आहे पण सिग्नल नाही’, आणि गाडी पत्र्याखाली उभी असते. मेनूत अँटेनाचा पडदा उघडला की दोन पट्ट्या दिसतात, एक उपग्रहाची, एक जमिनीवरच्या मनोऱ्यांची. दुसरी रिकामी असेल, असू दे. पहिली भरलेली हवी. गाडी एकदा चारी दिशांना तोंड करून उभी करा आणि ती पट्टी बघा. उत्तरेलाही भरलेली राहिली, म्हणजे तुमची जागा जमली. चकती पक्की चिकटवण्याआधीच ही परीक्षा कागदी टेपने अँटेना तात्पुरती लावून घेतलीत तर आणखी शहाणपणा.

दुकानदाराला बसवायला द्यायचं का? तुमच्याकडे मल्टीमीटर आहे आणि चुंबक घसरल्यावर तुम्ही गाडीच्या पुट्टीपर्यंत विचार केलात. तुम्हाला जमेल. शनिवारची सकाळ पुरे.

मराठी वाहिनी त्यावर नाही. बातम्या, खेळ, रॉक, कंट्री आणि जॅझचा महासागर आहे. मी तिथेच जॅझ ऐकायला शिकलो. मराठीसाठी रात्री घरी फोनमध्ये गाणी उतरवून ठेवा, त्याच ऑक्सच्या तारेला फोन जोडा. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर आपली केंद्रं लागतात, पण तुमच्या रेंज नसलेल्या भागात तेही मुकं.

प्रश्न : बाबांच्या कपाटात वर्ल्डस्पेसचा रेडिओ सापडला, अँटेनासकट, अगदी नव्यासारखा. आमच्याकडे बोलेरो पिकअप आहे, भाजी घेऊन मार्केट यार्डात जाते. त्यात हा बसवता येईल का?
— एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : ताई किंवा दादा, वाईट वाटतं, पण नाही. वर्ल्डस्पेसची भारतातली सॅटेलाइट रेडिओ सेवा २००९ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. कंपनीने आदल्या वर्षी अमेरिकेत दिवाळखोरी मागितली होती. त्या संचाचा उपग्रहाचा भाग फक्त त्याच एका सेवेचा, दुसऱ्या कुठल्या उपग्रहाचं काही पकडत नाही.

चालू असतानाही तो धावत्या गाडीसाठी नव्हता. तिचा एशियास्टार उपग्रह पूर्व रेखांश १०५ वर होता, म्हणजे पुण्याकडून बघताना आग्नेयेला. ती चपटी अँटेना खिडकीत त्या दिशेला तोंड करून ठेवावी लागे. बाबांना आठवत असेल, पडदा ओढला किंवा मांजर समोर बसली तरी हिंदुस्थानी संगीताचं ‘गंधर्व’ थांबायचं. सासवडच्या वळणांवर अँटेना धरून बसायला एक माणूस लागला असता. अमेरिकेतली अँटेना सगळ्या दिशांनी ऐकते, म्हणून ती टपावर टाकून विसरता येते. आणि गंमत म्हणजे दोन्ही एकमेकांचे नातलग : एक्सएमच्या सुरुवातीच्या भांडवलात वर्ल्डस्पेसचा वाटा होता.

भारतात आज मोटारीत लावायची अशी सेवा नाही. बोलेरोत चांगला एफएम-ब्लूटूथ रेडिओ बसवा, पुणे आकाशवाणी यार्डापर्यंत साथ देईल. तो संच मात्र भंगारात घालू नका. बाबांना आधी विचारा, तो नव्यासारखा का ठेवलाय.

प्रश्न : नव्या गाडीबरोबर तीन महिने सॅटेलाइट रेडिओ फुकट मिळाला, आता संपतोय. जाहिरातीतला दर एक आणि बिलाचा आकडा दुसराच दिसतो. असं का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : जाहिरातीतल्या दरावर संगीताच्या रॉयल्टीचं शुल्क आणि कर वेगळे चढतात, त्यामुळे पूर्ण बेरीज विचारा. सवलतीचा दर किती महिन्यांचा आणि नंतर किती, हेही त्याच फोनवर विचारून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेच्या आठवडाभर आधी पुन्हा फोन करायचा आणि मंडईत भाव करतो तसा करायचा. आमच्या घरी हे खातं बायकोकडे आहे. मी फोन केला की पूर्ण दर लागतो.